शिकारीचा जमाखर्च

शिकारीच्या पुस्तकांत जनावरांची मोजदाद चोख असते. शिंगांची लांबी किती, बार किती अंतरावरून टाकला, गोळी कोठे लागली, जनावर किती पावले धावून पडले, यांतील काहीही लेखक विसरत नाही. त्या जनावरापर्यंत लेखकाला नेऊन पोचवणाऱ्या माणसांची मोजदाद मात्र बहुधा आढळत नाही. त्यांची मजुरी किती होती, ती कोणी ठरवली आणि शिकारी निघून गेल्यावर त्यांच्या वाट्याला काय राहिले, याचा शोध त्या पानांत व्यर्थ होय. अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे याचे १९३५ साली प्रसिद्ध झालेले ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ हे अशा वाङ्मयातील सर्वांत नामांकित पुस्तकांपैकी एक. ते कादंबरी नव्हे. लेखकाने प्रत्यक्ष केलेल्या शिकारी मोहिमेचा तो वृत्तान्त आहे.

नव्वद वर्षांपूर्वीच्या या पुस्तकाची झाडाझडती आज घेण्याचे कारण पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याने तीन बळी घेतले. त्यांतील दोघे लहान मुले होती. संतप्त गावकऱ्यांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. पुढे नेमबाज बोलावून एक बिबट्या ठार करण्यात आला. तेव्हापासून मंचर, अवसरी खुर्द, पारगाव, जुन्नर या साऱ्या पट्ट्यात बिबटे सरसकट मारू द्या, ही मागणी जोर धरून आहे. मागणी करणाऱ्या शेतकऱ्याचा संताप खरा आहे. परंतु त्या संतापाच्या आडोशाने दुसराच एक आवाज हळूच पुढे सरकतो आहे. शिकार हा मर्दानी खेळ होता, कायद्याने तो उगाच बुडवला, हौशी बंदूकवाल्यांना परवाने द्या म्हणजे प्रश्नही सुटेल आणि पैसाही येईल, असे हा आवाज सांगतो. या आवाजाला प्रतिष्ठा मिळते ती शिकारीच्या साहित्यातून. म्हणून त्या साहित्यातील सर्वांत मातब्बर साक्षीदाराची उलटतपासणी करणे आवश्यक आहे.

१९३३ च्या डिसेंबरात हेमिंग्वे आपल्या पत्नीसह मोंबासा बंदरात उतरला आणि तेथून पुढे टांगानिकात शिकारीला गेला. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून काढून घेतलेला हा मुलूख राष्ट्रसंघाच्या आदेशाच्या नावाखाली तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात होता. वाटाड्या म्हणून फिलिप पर्सिव्हल हा गोरा व्यावसायिक शिकारी ठरवण्यात आला. थिओडोर रूझवेल्ट हा अमेरिकेचा माजी अध्यक्ष १९०९ साली पूर्व आफ्रिकेत शिकारीला आला, तेव्हा त्याच्या दिमतीलाही हाच पर्सिव्हल होता. रूझवेल्ट बापलेकांनी त्या मोहिमेत पाचशेहून अधिक जनावरे मारली आणि तिला शास्त्रीय संग्रहाचे नाव दिले.

हेमिंग्वेच्या मोहिमेचा पैसा कोठून आला? त्याच्या पत्नीचे काका औषधे आणि प्रसाधने यांच्या धंद्यातील धनिक होते. त्यांनी सुमारे २५,००० डॉलर दिल्याचे चरित्रकारांनी नमूद केले आहे. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांपैकी एक बेकार होता, शहराशहरांत फुकट सूपासाठी रांगा लागत होत्या. त्या वर्षी एका कुटुंबाच्या एका शिकारीसाठी एवढी रक्कम मोकळी होऊ शकली. हा योगायोग मानायचा असेल तर खुशाल मानावा. मंदी सर्वांवर सारखी कोसळते, हे भांडवलशाहीच्या वकिलांचे आवडते वचन आहे. या आकड्यापुढे ते टिकत नाही.

पुस्तकाच्या आरंभी हेमिंग्वेने प्रतिज्ञा केली आहे की यातील एकही पात्र किंवा प्रसंग काल्पनिक नाही. पूर्णपणे खरे पुस्तक कल्पनेने रचलेल्या कृतीच्या तोडीचे ठरते काय, हे त्याला अजमावायचे होते. ही प्रतिज्ञा त्याने आपल्या परीने पाळलीही आहे. स्वतःचा मत्सर त्याने लपवलेला नाही. सोबत्याला अधिक मोठ्या शिंगांचे कुडू हरिण मिळते आणि लेखकाचा आनंद आंबतो, हे त्याने लिहिले आहे. शेवटी जखमी करून सोडलेला आणि शोधूनही न सापडलेला सेबल जातीचा नर त्याने झाकून ठेवलेला नाही. आपल्या हातून झालेली चूक कागदावर मांडण्याचे धैर्य त्याच्यापाशी होते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु सत्य म्हणजे केवळ लेखकाच्या मनातील खळबळ काय? माग काढणारे, बंदुका वाहणारे, कातडी सोलणारे, मोटार हाकणारे, तंबू ठोकणारे आणि रांधणारे यांच्यावाचून ही मोहीम एक दिवसही चालली नसती. त्यांपैकी काहींना पुस्तकात नाव आहे. काहींना केवळ टोपणनाव आहे. एकाच्या पापण्या जड दिसतात म्हणून ‘ड्रूपी’, दुसरा नाटकी वाटतो म्हणून जुन्या इंग्रज नटावरून ‘गॅरिक’. ज्याच्या डोळ्यांवर आणि पायांवर लेखकाची सारी शिकार अवलंबून, त्याचे खरे नाव विचारून लिहून ठेवण्याची निकड सत्याच्या या उपासकाला भासली नाही. बंदूक वाहणारा म’कोला याचे चित्र जिव्हाळ्याने रेखाटले आहे, असे हेमिंग्वेचे चाहते सांगतील. ते खोटे नाही. पण जिव्हाळा ही मजुरी नव्हे. जुन्या वाड्यांतील धनीही विश्वासू गड्याबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोलत असत, आणि त्याच गड्याची बलुत्याची पेंढी मोजताना त्यांचा हात आखडत असे.

हे हेमिंग्वेला दिसू शकत नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. हे पुस्तक बाजारात आले १९३५ च्या ऑक्टोबरात. त्याआधी २ सप्टेंबरला फ्लोरिडाच्या बेटांवर चक्रीवादळ आदळले. तेथे सरकारी मदतकार्याच्या छावण्यांत रस्त्याच्या कामावर ठेवलेले महायुद्धातील अडीचशेच्या आसपास माजी सैनिक त्यात मेले. हेमिंग्वे त्याच भागात राहत होता. प्रेते उचलण्याच्या कामी तो गेला आणि ‘न्यू मासेस’ या कम्युनिस्ट साप्ताहिकात त्याने जळजळीत लेख लिहिला. वादळाच्या दिवसांत या माणसांना त्या सखल बेटांवर कोणी पाठवले, आणि धोका समजल्यावरही तेथून कोणी हलवले नाही, असा जाब त्याने विचारला. कष्टकऱ्याच्या मरणामागे कोणाचा तरी निर्णय असतो, हे ओळखण्याची दृष्टी त्याला होती. आपल्या देशबांधवांसाठी त्याने ती वापरली. टांगानिकातील मजुरांपाशी येताच ती मिटली. साम्राज्यशाहीचा हाच विशेष आहे की ती चांगल्या माणसाच्याही दृष्टीला सरहद्द घालते.

त्या काळच्या डाव्या समीक्षकांनीही या पुस्तकावर टीका केली होती. देशात बेकारी असताना हा लेखक हरिणे कसली मारीत बसला, त्याने संपावर लिहावे, असा एकूण सूर होता. ती टीका उथळ होती. लेखकाने कोणत्या विषयावर लिहावे याचे फर्मान काढणे हे पक्षाचे काम नव्हे. श्रम, मजुरी, मालकी, जमिनीवरचा हक्क हे सारे त्या शिकारीच्या तंबूतच हजर होते. विषय बदलण्याची गरज नव्हती. असलेला विषय पुरा पाहण्याची होती.

आणि जमिनीविषयी तर हेमिंग्वेने जवळजवळ पुरे पाहिले होते. परका माणूस आला की खंड लवकर म्हातारे होते, मूळ रहिवासी जमिनीशी मिळून राहतो आणि परका तिची नासाडी करतो, अशा आशयाचे चिंतन पुस्तकाच्या अखेरीस आहे. ते लिहून झाल्यावर लेखक काय ठरवतो? आपण पुन्हा येथे यावे! ज्ञान झाले, पण आचरणाशी त्याचा संबंध आला नाही. पैसे मोजून परवाना घेणाऱ्या गोऱ्याला शिकारीची मुभा आणि पिढ्यान्‌पिढ्या विषारी बाणांनी पोटापुरती शिकार करणारा मूळ रहिवासी चोर, हा वसाहतीच्या कायद्याचा न्याय होता. त्या न्यायाविरुद्ध या पुस्तकात तक्रार नाही.

पुढचा इतिहासही याच रेषेत चालला. सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झाले आणि १९५९ साली मसाई गुराख्यांना त्यातून बाहेर काढून एन्गोरोंगोरोकडे पाठवण्यात आले. टांझानिया स्वतंत्र झाल्यानंतरही व्यवहाराचे स्वरूप पालटले नाही. लोलिओंडो भागात १९९० च्या दशकात संयुक्त अरब अमिरातीतील धनिकांच्या एका कंपनीला शिकारीचे हक्क देण्यात आले. जून २०२२ मध्ये तेथील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर कुरणे राखीव शिकारक्षेत्र म्हणून आखताना पोलीस आणि मसाई यांच्यात रक्तपात झाला. परवान्याच्या पैशातून गाव श्रीमंत होते, असे सांगणाऱ्यांनी या कुरणांची वाट एकदा धरावी. पैसा येतो हे खरे. तो ज्याची जमीन जाते त्याच्यापर्यंत किती पोचतो, हा खरा प्रश्न आहे.

यावर, हे सारे आफ्रिकेतले, असे म्हणून सुटका होणार नाही. महाराष्ट्रात आणि शेजारच्या संस्थानांत काय निराळे होते? संस्थानिकांची शिकार म्हणजे हाकारा, आणि हाकारा म्हणजे वेठ. रयतेतील माणसे काठ्या आणि डबे घेऊन पहाटे रान उठवीत. जखमी जनावर उलटले तर प्रथम त्यांच्यावर. माचाणावरच्या पाहुण्याचे छायाचित्र मात्र दिवाणखान्यात. कोल्हापूर दरबारचे शिकारी चित्ते प्रसिद्ध होते. हिंदुस्थानातील चित्त्याचा शेवट कसा झाला? १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले आणि १९५२ साली हे जनावर देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. मर्दानी खेळाची ही जमेची बाजू!

याहून जळजळीत उदाहरण पारध्यांचे आहे. संस्थानिकांसाठी चित्ते आणि हरणे फाशात पकडून देणारा पारधी हा जातिवंत शिकारी. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात ही जमात सापडली आणि १९५२ पर्यंत त्या शिक्क्याखाली राहिली. लोकांच्या मनातून आणि पोलिसांच्या वहीतून तो शिक्का आजही पुरता पुसलेला नाही. पोटासाठी शिकार करणारा गुन्हेगार आणि हौसेसाठी शिकार करणारा सद्‌गृहस्थ, हा भेद कोणत्या शौर्यशास्त्रात बसतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सद्‌गृहस्थाची बंदूक खाली ठेवायला लावली, हे त्या कायद्याचे मोठे पुण्य आहे. आता तीच बंदूक शेतकऱ्याच्या खांद्यावर ठेवून पुन्हा उचलण्याचा बेत आहे.

मराठी साहित्यात या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर सापडते, ते व्यंकटेश माडगूळकरांपाशी. या कादंबरीकाराने तरुणपणी बंदूक वापरली होती, रानाचा नाद त्यांना शिकारीतूनच लागला. परंतु पुढे त्यांनी बंदूक ठेवून दिली आणि पूर्व विदर्भातील नागझिऱ्याच्या अभयारण्यात वही आणि दुर्बीण घेऊन ते राहिले. त्या मुक्कामाचे ‘नागझिरा’ हे पुस्तक मराठी वाचकाला परिचित आहे. हा पालट केवळ जनावराच्या दयेतून झाला असे समजणे अपुरे ठरेल. ‘बनगरवाडी’ लिहिणाऱ्या या लेखकाने माणदेशातील मेंढपाळांचे गाव दुष्काळात कसे उठते, हे आधी पाहिले होते. ज्याने कष्टकऱ्याचे पोट नीट पाहिले, त्याला रानातील जीवही भिंतीवर टांगण्याची वस्तू वाटत नाही. हेमिंग्वेशी तुलना करताना गुणांची तागडी लावण्याचे कारण नाही; दृष्टीचा क्रम तेवढा लक्षात घ्यावा.

आता अवसरी खुर्दच्या शिवारात यावे. घोड नदीवर डिंभे धरण झाले. त्या जलाशयाला आंबेगाव तालुक्याचेच सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. कालव्यांनी पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, उसामागून पारगावचा भीमाशंकर कारखाना आणि पलीकडे जुन्नरचा विघ्नहर. शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आले, ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु बारा ते अठरा महिने उभे राहणारे दाट, थंड, पाण्यालगतचे पीक बिबट्याच्या मादीला गुहेसारखे लाभले. कुत्री, शेळ्या, डुकरे हे भक्ष्य हाताशी. आजचा बिबट्या रानातून वाट चुकून आलेला पाहुणा राहिलेला नाही. त्याच्या पिढ्या उसात जन्मल्या आहेत. त्याला भीमाशंकरच्या जंगलात हाकलून द्या म्हणणे म्हणजे मंचरच्या माणसाला परदेशात हाकलण्यासारखे आहे.

हे पूर्वी करूनही पाहिले आहे. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात बिबटे मोठ्या संख्येने पकडून आसपासच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्याआधी १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. चाळीसहून अधिक बिबटे असे सोडल्यावर ते वर्षाला सरासरी १७ झाले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही दुपटीने वाढले. म्हणजे जो उपाय लोकांना शांत करण्यासाठी योजला, त्यानेच लोकांचे बळी वाढवले. सरसकट मारण्याच्या मागणीलाही हा धडा लागू आहे. ऊस उभा आहे तोवर रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेणार.

मग काय, माणसे मरू द्यायची? मुळीच नाही. माणसांवर हल्ले करणारा ठरावीक बिबट्या पकडता येत नसेल तर मारण्याची परवानगी १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमात आहेच. ती तत्परतेने वापरली पाहिजे आणि ते काम प्रशिक्षित सरकारी माणसाने केले पाहिजे. त्यात खेळ नाही आणि छायाचित्रही नको. बिबट्याने बळी घेतला की जिम कॉर्बेटची आठवण काढण्याची प्रथा आहे. एकटा वीर येतो आणि गाव वाचवतो, ही गोष्ट ऐकायला गोड लागते. पण वीराची वाट पाहणाऱ्या गावाला दिवसाच्या विजेची मागणी करण्याचे भान राहत नाही, हा या गोड गोष्टीचा कडू परिणाम आहे.

कारण प्रश्न मुळात जमाखर्चाचा आहे. काही खर्च व्यवहार करणाऱ्याच्या वहीत चढतच नाहीत. ते तिसऱ्याच्या अंगावर पडतात, आणि म्हणून व्यवहार फायद्याचा दिसतो. उसाच्या व्यवहारातील असा न चढलेला खर्च म्हणजे बिबट्या. तो कोणाच्या अंगावर पडतो? शेतीची वीज वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन पाणी द्यायला जावे लागते ते लहान शेतकऱ्याला किंवा त्याच्या गड्याला. कोपीत पाचटावर मूल निजवून पहाटे कोयता उचलते ती ऊसतोडणीची बाई. उघड्या वाफ्यावर जाळीच्या वाघरीत मेंढरे बसवून रात्र जागवतो तो मेंढपाळ. साखरेच्या पोत्यात यांतील कोणाचाही भाग नाही. जीव मात्र त्यांचाच पणाला. टांगानिकातील माग काढणारा, संस्थानातील हाकारी आणि उसातील कोयतेकरी हे एकाच रांगेत उभे आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन्ही बाजूंच्या हौशी मंडळींपासून सावध राहिले पाहिजे. एक जण बंदूक मागतो. दुसरा शहरात बसून बिबट्याच्या सौंदर्यावर लेख लिहितो आणि गावकऱ्याला सहजीवनाचा उपदेश करतो. पहिल्याला जनावराचे कातडे हवे, दुसऱ्याला त्याचे छायाचित्र. कोपीतल्या मुलाचा विचार दोघांच्याही हिशेबात नाही. सहजीवन हवे असेल तर त्याचा खर्च सर्व समाजाने उचलावा. तो एकट्या गरिबाच्या मुलाने रक्ताने फेडावा, हे कोणत्या नीतीत बसते?

मृताच्या वारसांना सरकार २५ लाख रुपये देते. ते दिलेच पाहिजेत. पण मरणानंतर थैली सोडणारे सरकार मरणाआधी खिशात हात घालत नाही, हे विचित्र नव्हे काय? ज्या अवसरी खुर्दमध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहू शकते, तेथील शेताला बारमाही दिवसा वीज देणे ही काय अशक्य कोटीतील गोष्ट आहे? तोडणी कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे रक्कम घेण्याचे तत्त्व राज्याने मान्य केले आहे. त्याच तत्त्वाने पक्का, दाराचा, दिव्याचा निवारा आणि पहाटे मुले सांभाळणारी साखरशाळा तोडणी सुरू होण्याआधी उभी राहिली पाहिजे. मेंढपाळाला जाळीचे कुंपण आणि मेलेल्या मेंढराची भरपाई हेलपाट्यांवाचून मिळाली पाहिजे. गावाजवळची उघडी कचराकुंडी आणि मोकाट कुत्री हे बिबट्याला दिलेले आमंत्रण आहे. ग्रामपंचायतीने ते मागे घ्यावे.

या मागण्यांत रोमांच नाही. त्यांवर कोणी कादंबरीकार पुस्तक लिहिणार नाही. परंतु कारखान्याच्या वार्षिक सभेत, ग्रामसभेत आणि वीज कंपनीच्या कचेरीसमोर त्या लावून धरल्या, तर पुढच्या गळीत हंगामात एखाद्या कोपीतील मूल सकाळी जिवंत उठेल. उसाचा हिशेब मांडणाऱ्या प्रत्येक वहीत त्या मुलाच्या संरक्षणाची रक्कम खर्चाच्या बाजूला चढेपर्यंत ही लढाई थांबवता येणार नाही.